तेलावरचा बॉयलर सारखा बंद पडतोय? लाल बटणाआधी घड्याळ बघा

आयर्लंडमध्ये, उत्तर आयर्लंडमध्ये किंवा ब्रिटनच्या खेड्यापाड्यांत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात एका नव्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. परसात प्लॅस्टिकची मोठी हिरवी टाकी, आणि घरात किंवा भिंतीबाहेर पत्र्याच्या पेटीत घरघरणारा बॉयलर. जिथे गॅसची लाइन पोचलेली नाही तिथे घर तापतं ते यावरच. टाकीत असतं केरोसीन, म्हणजे आपलं रॉकेलच, फक्त रेशनच्या दुकानातला निळा रंग नाही. तिकडे त्याला 'अठ्ठावीस सेकंदांचं तेल' म्हणतात; हे सेकंद तेलाचा दाटपणा मोजायच्या जुन्या मापाचे.

तक्रार बहुतेक घरांत एकच. सकाळी उठावं तर रेडिएटर गार आणि बर्नरवर लाल दिवा. बटण दाबलं की सुरू होतो, दुपारी परत बंद. रात्री दोनदा. मग घरातल्या प्रत्येकाला ते बटण ठाऊक होतं आणि दुखणं तसंच राहतं.

लाल दिव्याचा अर्थ इतकाच, की ठरलेल्या वेळेत कंट्रोल बॉक्सला ज्योत दिसली नाही म्हणून त्याने तेल तोडलं. यालाच लॉकआउट म्हणतात. ज्योत का दिसली नाही हे तो सांगत नाही, पण तो कितव्या सेकंदाला बंद पडला यावरून अर्ध्याहून जास्त निदान होतं. म्हणून बॉयलरपाशी जाताना पान्हा नंतर न्या, आधी मोबाइलवरचं स्टॉपवॉच न्या.

बटण किती वेळा दाबायचं

दोनदा. दोन प्रयत्नांच्या मध्ये किमान एक मिनिट जाऊ द्या. तिसऱ्यांदा दाबायचा मोह आवरा, आणि त्यामागचा हिशोब बघा. घरगुती बर्नरचं नोझल, म्हणजे तेल फवारणारं तोंड, साधारण ०.६० अमेरिकन गॅलन ताशी या मापाचं असतं, म्हणजे तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास, मिनिटाला ३८ मिलिलिटर. ठिणगी पडत नसेल तर प्रत्येक प्रयत्नात ५ ते १० सेकंद तेल न जळता आत फवारलं जातं, म्हणजे ३ ते ६ मिलिलिटर. दहा वेळा बटण दाबलंत तर तापलेल्या भट्टीत अर्धी वाटी रॉकेल वाफ होऊन बसलेलं असतं. अकराव्या वेळी ठिणगी पडली की ते सगळं एकदम पेटतं. बॉयलरचं दार हादरतं, फ्ल्यूतून, म्हणजे धुराड्यातून, काळा लोट निघतो, आणि कधीकधी आतली बॅफल (गरम धुराची वाट वळवणारी पट्टी) किंवा इन्शुलेशन जागेवरून हलतं. आत तेल साचल्याचा वास येत असेल तर आणखी प्रयत्न नकोतच. मेन स्विच बंद करा, टाकीचा कॉक बंद करा आणि माणूस बोलवा.

मुळात लॉकआउट आहे का?

लाल दिवा नसेल तर गोष्ट वेगळी. पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅट बर्नर बंद करतो आणि पाणी निवलं की परत लावतो. हे त्याचं रोजचं काम आहे. पाचसहा मिनिटं चालून बंद, थोड्या वेळाने परत चालू, आणि घर गरम, असं असेल तर बिघाड नाही. फार तर बॉयलर घराच्या मानाने मोठा आहे, किंवा बरेच रेडिएटर बंद ठेवलेत. टायमर, खोलीतला थर्मोस्टॅट आणि भिंतीवरच्या स्विचमधला फ्यूज (३ किंवा ५ अँपिअरचा असतो) आधी बघून टाका. ऐकायला बाळबोध वाटेल, पण घड्याळं एक तास पुढेमागे करायच्या आठवड्यात टायमरच्या गोंधळापायी बरेच फोन जातात.

दुसरी शक्यता हाय लिमिटची. पाणी १०० अंशांच्या आसपास गेलं की एक वेगळा सुरक्षा थर्मोस्टॅट वीज तोडतो. बहुतेक बॉयलरवर त्याचं बटण काळ्या टोपीखाली लपलेलं असतं. टोपी फिरवून काढायची, बॉयलर निवू द्यायचा, आतलं बटण दाबायचं. 'टक्' असा आवाज आला तर तोच पडला होता. हे परत परत होत असेल तर दोष बर्नरमध्ये शोधू नका. पाणी फिरत नाहीये. पंप अडकलाय, सिस्टिममध्ये एअर धरलाय, किंवा प्रेशर पडलंय. सीलबंद सिस्टिममध्ये पाणी गार असताना प्रेशर १ ते १.५ बार हवं.

आता घड्याळ लावा

बर्नर सुरू होतो तो ठरावीक क्रमाने. आधी मोटर फिरते. तिच्यावरच पंखा आणि तेलाचा पंप दोन्ही असतात. काही सेकंद नुसती हवा जाते, जेणेकरून आत राहिलेला धूर आणि वाफ निघून जावी. याच काळात ठिणगीही सुरू झालेली असते. मग विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह 'टिक' करून उघडतो, तेल नोझलमधून फवारतं आणि पेटतं. फोटोसेल नावाचा छोटा डोळा ज्योत बघतो आणि कंट्रोल बॉक्सला कळवतो. आयर्लंडमधल्या बऱ्याच बॉयलरवर रिएलो कंपनीचा बर्नर असतो. त्यात नुसत्या हवेचा काळ साधारण १२ सेकंद आणि त्यानंतर ज्योत दिसायची मुदत ५ सेकंद. इतर कंट्रोल बॉक्समध्ये ही मुदत १० सेकंदांपर्यंत असू शकते.

बटण दाबा, स्टॉपवॉच सुरू करा आणि कान द्या.

मोटर फिरलीच नाही, नुसता 'हूं' आवाज आला: कपॅसिटर गेलाय किंवा पंप अडकलाय. हूंही नाही: वीज पोचत नाही, कंट्रोल बॉक्स गेलाय किंवा मोटर जळलीय. ही कामं टेक्निशियनची. कपॅसिटर वीज बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतो, तेव्हा हात नको.

मोटर फिरली, बारा-पंधरा सेकंद गेले, टिक ऐकू आलं, पण ज्योतीचा घुमणारा आवाज आलाच नाही आणि लाल दिवा लागला: एकतर तेल आलं नाही, नाहीतर ठिणगी पडली नाही. फरक नाकाने कळतो. प्रयत्नानंतर बाहेर फ्ल्यूपाशी पांढरट वाफ आणि रॉकेलचा उग्र वास असेल तर तेल आलंय, ठिणगी नाही. काहीच वास नसेल तर तेल पोचलेलं नाही. टिकही ऐकू आलं नसेल तर सोलेनॉइडच्या कॉइलवर संशय घ्यायला हरकत नाही.

ज्योत पेटली, तीनचार सेकंद व्यवस्थित घुमली आणि विझून लॉकआउट: डोळ्याला ती दिसली नाही. फोटोसेलवर काजळी.

व्यवस्थित पेटला, दहावीस मिनिटं किंवा तासभर चालला आणि मग गेला: दहापैकी सात-आठ वेळा हे तेलाच्या उपासमारीचं लक्षण. चालू असताना ज्योत विझली की काही कंट्रोल बॉक्स स्वतःहून एकदोन वेळा परत पेटवायचा प्रयत्न करतात, म्हणून लॉकआउटच्या आधी बर्नर आचके देतोय असं ऐकू येतं. तेही याच खात्यात.

चारही प्रकारांत सर्वांत जास्त वेळ खाणारा आणि सर्वांत जास्त घरांत सापडणारा हा शेवटचा. म्हणून टाकीपासून बर्नरपर्यंतची वाट सावकाश चालून बघू.

टाकी

काट्यावर किंवा रिमोटवर विश्वास ठेवू नका. अल्ट्रासॉनिक सेन्सर झाकणाच्या आतल्या कोळिष्टकानेही फसतो, आणि बाजूच्या पारदर्शक नळीचं बटण दाबल्याशिवाय ती नळी जुनीच पातळी दाखवत बसते. स्वच्छ कोरडी काठी आत घाला आणि ओली खूण मोजा. तेल तळापासून १० सेंटिमीटरच्या खाली असेल तर तिथेच थांबा, आधी तेल मागवा. बाहेर जाणारी नळी तळाच्या थोडी वर बसवलेली असते ती गाळ आणि पाणी खाली राहावं म्हणून. तेल कमी झालं की बर्नर त्या गाळाच्या अगदी काठावरून पिऊ लागतो.

काठीच्या टोकाला पाणी शोधायची पेस्ट लावून तळाला टेकवा. पाणी असेल तिथे तिचा रंग बदलतो. तेलाच्या दुकानात ती मिळते. टाकीत पाणी येतं कुठून? अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते, आतली दमट हवा भिंतींवर थेंबांनी जमते आणि ओघळून खाली बसते. झाकणाला तडा असेल तर पाऊस, आणि त्या देशात पाऊस कमी नाही. पाणी रॉकेलपेक्षा जड, ते तळाशीच राहतं, आणि फिल्टरच्या वाटीत उतरलं की तिथे गोठतं. बॉयलर पहाटे बंद पडतो आणि दुपारी ऊन आल्यावर बटण दाबलं की चालतो, असा नेम असेल तर पहिला संशय या गोठलेल्या पाण्यावर घ्या. रॉकेल स्वतः तिकडच्या थंडीत गोठत नाही. पस्तीस सेकंदांचं तेल म्हणजे डिझेलच्या जातीचं तेल भरलेलं असेल तर मात्र ते थंडीत दाट होतं.

टाकीला हवा घ्यायला एक व्हेंट असतं. कोळ्याने जाळं विणलं, पानं अडकली की तेल जाईल तशी आत पोकळी तयार होते आणि प्रवाह मंदावत जातो. तपासणी सोपी: भरायचं झाकण अर्धवट सैल करा. आत हवा खेचल्याचा सुस्कारा आला आणि त्यानंतर बॉयलर दिवसभर चालला, तर गुन्हेगार सापडला. झाकण उघडं ठेवून देणं हा उपाय नव्हे, व्हेंट साफ करा.

फिल्टर

टाकीच्या बुडाशी कॉक आणि त्याला लागून वाटीसारखा फिल्टर. आत कागदाची किंवा फेल्टची गुंडाळी असते. ती वर्षाला बदलायची, गाळ जास्त असेल तर सहा महिन्यांनी. कॉक बंद करा, खाली बशी धरा, वाटी फिरवून काढा. वाटीतलं तेल फेकायची घाई करू नका. ते काचेच्या बरणीत ओता, बरणी खिडकीत ठेवा आणि दहा मिनिटं वाट बघा. चांगलं तेल आरपार दिसतं. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर बसतो, मधली रेघ स्पष्ट दिसते, आणि बरणी कलती केली की तो थर पाऱ्यासारखा एकत्र सरकतो. काळे-तपकिरी बुळबुळीत पुंजके असतील तर ती पाणी आणि तेलाच्या सीमेवर वाढलेली जंतूंची साय. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून भागत नाही, कारण महिन्याभरात तो परत भरतो. टाकी उपसून साफ करून घ्यावी लागते.

नवी गुंडाळी बसवताना वाटीचा रबरी ओ-रिंग बघा. जुना, चपटा झालेला ओ-रिंग परत बसवणं हे लाइनमध्ये एअर येण्याचं अगदी नेहमीचं कारण. काही ठिकाणी तेल बाहेर गळत नाही पण हवा आत शिरते, म्हणून कोरडं दिसतंय यावर समाधान मानू नका. वाटी काठोकाठ तेलाने भरूनच लावा. हाताने आवळा, पान्ह्याने नाही.

सांडलेलं रॉकेल मातीत मुरू देऊ नका. थोडंसं तेलही विहिरीच्या पाण्याला महिनोन् महिने वास आणतं, आणि गावाकडच्या बऱ्याच घरांना पाणी विहिरीचं असतं. मांजराच्या पेटीतली माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपा.

फायर व्हॉल्व्ह आणि लवचीक नळी

तेलाची लाइन बॉयलरकडे जिथे घरात शिरते तिथे बाहेरच्या बाजूला एक व्हॉल्व्ह असतो. त्याच्यापासून निघालेली तांब्याची बारीक केशनळी बर्नरपर्यंत जाते आणि तिच्या टोकाचा फुगा बर्नरवर अडकवलेला असतो. तिथे आग लागून ठरावीक तापमान ओलांडलं, बऱ्याच व्हॉल्व्हांत ते ६५ अंशांच्या आसपास असतं, की व्हॉल्व्ह झटकन बंद होतो. गंमत अशी, की केशनळी कुठे दुमडली किंवा तिला चीर पडली तरी तो बंदच होतो. भिंतीवर काम करणाऱ्याचा धक्का लागला, झाडू अडकला, उंदराने खेळ केला, आणि घर गार. वरची टोपी किंवा बटण बघा, बहुतेक प्रकारांत ते वर उचलून रीसेट करता येतं. रीसेट करूनही टिकत नसेल तर व्हॉल्व्ह बदला. तो बांधून उघडा ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. आगीच्या वेळी टाकीतल्या हजारभर लिटर रॉकेलाला घराबाहेर अडवणारी तेवढीच एक गोष्ट आहे.

त्यापुढे जाळीदार लवचीक नळी पंपापर्यंत जाते. आतलं रबर उष्णतेने सुजतं आणि बाहेरून नळी ठणठणीत दिसत असताना आतली वाट बारीक होते. किंमत फार नाही, सर्व्हिसच्या वेळी बदलूनच टाका.

मिनिटाची मोजणी

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर हा प्रयोग करा. टाकी बर्नरपेक्षा उंच असेल तरच हे लागू आहे. वीज बंद करा. फायर व्हॉल्व्हपाशी तेल बंद करा. लवचीक नळीचं पंपाकडचं टोक सोडवा आणि मोजमापाच्या प्लॅस्टिक जगमध्ये धरा. व्हॉल्व्ह उघडा आणि एक मिनिट मोजा. बर्नरला मिनिटाला ३८ मिलिलिटर पुरतात, पण मोकळी लाइन त्याच्या कितीतरी पट देते. सलग, सरळ धार हवी. धार बारीक होत होत थेंबांवर आली तर अडथळा टाकीकडच्या बाजूला आहे. टाकीचं झाकण सैल करून परत मोजा, मग फिल्टरची गुंडाळी काढून परत मोजा. ज्या टप्प्यावर धार सुधारली, तो अडथळा. धार जोरात पण मध्येमध्ये बुडबुड्यांनी फुटतेय तर कुठेतरी हवा शिरतेय, सगळे जोड तपासा.

टाकी बर्नरपेक्षा खाली असेल तर एकाच नळीने तेल ओढणं भरवशाचं नसतं. तिथे परतीची दुसरी नळी किंवा हवा वेगळी करणारं उपकरण लागतं. तिकडचे लोक त्याला टायगर लूप म्हणतात. त्याच्या पारदर्शक भांड्यात तेल दिसलं पाहिजे, नुसता फेस नाही. फेस थांबतच नसेल तर ओढणीच्या लाइनला कुठेतरी गळती आहे.

एअर काढणं

टाकी एकदा रिकामी झाली की नुसतं तेल भरून बॉयलर सुरू होत नाही, कारण लाइनमध्ये एअर धरलेला असतो. मोजणी झाल्यावर नळी परत घट्ट लावा. पंपावर एअर काढायचा स्क्रू असतो, तो अ‍ॅलन कीने उघडतो. कुठला स्क्रू ते मॅन्युअलमध्ये बघूनच हात लावा, कारण शेजारचा स्क्रू पंपाचं प्रेशर ठरवतो, आणि तो फिरवलात तर बॉयलरची सगळी सेटिंग बिघडली. बाटली आणि फडकं धरा, एअरचा स्क्रू एक फेरा सैल करा, वीज लावा. मोटर फिरेल, आधी हवा आणि फेस, मग तेल येईल. सलग, बुडबुडे नसलेली धार दिसली की चालू असतानाच स्क्रू आवळा. एका प्रयत्नात भागलं नाही तर लॉकआउट होईल, मिनिटभर थांबून परत. इथे बटण तीनचार वेळा दाबलं तरी धोका कमी, कारण स्क्रू उघडा असताना नोझलला प्रेशरच मिळत नाही आणि तेल भट्टीत न जाता बाटलीत येतं. स्क्रू बंद केल्यानंतर मात्र पुन्हा दोनदाचाच नियम.

मोटर फिरतेय, लाइनमध्ये तेल भरपूर आहे, तरी बाटलीत काहीच येत नाही? मोटर आणि पंपाला जोडणारी प्लॅस्टिकची कपलिंग तुटलेली असू शकते. पंखा फिरतो म्हणून सगळं ठीक वाटतं, पण पंप जागेवर उभा. स्वस्तातला भाग, अर्ध्या तासाचं काम, पण बर्नर उतरवावा लागतो.

डोळा, ठिणगी, नोझल

फोटोसेल बहुतेक बर्नरमध्ये नुसता ओढून निघतो. वीज बंद करा, झाकण काढा, डोळा ओढा, मऊ कोरड्या फडक्याने काच पुसा, आणि जसा होता तसाच, ज्योतीकडे तोंड करून बसवा. घरच्या माणसाने बर्नरवर करण्यासारखं काम एवढंच. पण एकदा पुसून भागलं म्हणून विसरू नका. डोळ्यावर काजळी आली म्हणजे आत काजळी होतेय. हवा कमी पडतेय, नोझल झिजलंय किंवा फ्ल्यू गुदमरतोय. दोन आठवड्यांत डोळा परत काळा झाला तर ज्योत तपासायला हवी.

ठिणगी नाही असा निष्कर्ष निघाला तर इलेक्ट्रोडच्या चिनी मातीला केसाएवढी चीर, टोकांवर कार्बनचा पूल, किंवा दोन टोकांमधलं अंतर बिघडलेलं असतं. ते अंतर बहुधा ३-४ मिलिमीटर, नेमकं मॅन्युअलमध्ये. ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्ट देतो. ठिणगी डोळ्यांनी बघायला म्हणून झाकण उघडून बर्नर चालवू नका.

नोझलबद्दल एक सूचना खास आपल्या लोकांना. स्टोव्ह भकभकला की पिन मारायची, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. इथे पिन मारायची नाही, कधीही नाही. स्टोव्हच्या बर्नरचं भोक नुसतं भोक असतं. बॉयलरच्या नोझलमध्ये तेलाला गिरकी देणाऱ्या बारीक खाचा असतात, आणि तोंडावर पडलेला एक ओरखडाही फवारा एका बाजूला झुकवायला पुरतो. मग ज्योत भट्टीच्या भिंतीला चाटते आणि काजळी धरते. नोझल साफ करत नाहीत, वर्षाला बदलतात. आणि बदलताना त्याच्या अंगावर कोरलेल्या तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात: ताशी माप, फवाऱ्याचा कोन (६० अंश, ८० अंश वगैरे) आणि फवाऱ्याची जात. माप बरोबर पण कोन चुकीचा असं नोझल बसवलेले बॉयलर पेटतात, थोडे दिवस चालतातही, आणि मग हीच तक्रार सुरू होते.

वारा, फ्ल्यू आणि बोळे

वादळी रात्रीच बंद पडत असेल तर फ्ल्यूचं तोंड बघा. समोर वाढलेलं झुडूप, नवं कुंपण किंवा कोपऱ्यात फिरणारा वारा यांमुळे बाहेर टाकलेला धूर परत हवेच्या वाटेने आत ओढला जातो आणि ज्योत गुदमरते. कंडेन्सिंग बॉयलरची पाणी बाहेर टाकणारी नळी कडाक्याच्या थंडीत गोठली तर पाणी आत तुंबतं आणि ज्योत बिघडवतं. नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नाही, आणि पुढच्या थंडीआधी तिला इन्शुलेशन चढवा.

बॉयलर किचनमध्ये असेल तर भिंतीत हवेसाठी झरोका ठेवलेला असतो. तिथून गार झोत येतो म्हणून त्यात कागद, जुनी चादर कोंबून ठेवलेली घरं आहेत. तो बोळा आजच्या आज काढा. हवा कमी पडली की काजळी होते, आणि काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. त्या खोलीत ईएन ५०२९१ या मानकाचा अलार्म हवाच. तो वाजला, किंवा बॉयलर चालू असताना घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर तपासत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मदत बोलवा.

टेक्निशियन येईल तेव्हा

घर भाड्याचं असेल तर बर्नरला हात न लावता घरमालकाला कळवा. फोनवर 'बंद पडतो' एवढंच सांगू नका. 'मोटर फिरते, चौदाव्या सेकंदाला टिक येतं, ज्योत पेटते आणि चार सेकंदांत विझते' असं सांगितलंत तर माणूस योग्य पार्ट गाडीत टाकूनच निघेल. तेलावरच्या बॉयलरचं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या ऑफटेकच्या यादीतला टेक्निशियन बोलवा. ही संस्था ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे चालते.

काम झाल्यावर धुराच्या तपासणीचा छापील कागद मागा. पंपाचं प्रेशर, कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी (बहुतेक बॉयलरमध्ये १० ते १२ च्या दरम्यान) आणि स्मोक नंबर, म्हणजे धुरातल्या काजळीचं माप (० ते १), असे तीन आकडे हवेत. अंतिम आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. नोझल बदललं, प्रेशर बदललं, पण मशीन लावून धूर मोजला नाही, तर काम अर्धवट आहे असं तोंडावर सांगायला लाजू नका. प्रेशर थोडं वाढवलं की नोझलमधून तेल जास्त जातं आणि हवा तेवढीच राहते. डोळ्याने ज्योत सुरेख पिवळी दिसली तरी फ्ल्यूच्या वाटेवर काजळी बसतच असते.

तेलाचा टँकर येणार असेल त्या दिवशी बॉयलर आधी बंद करा. पाचशे लिटर जोराने पडतात तेव्हा तळाचा सगळा गाळ उसळतो. दोन तास तरी तो खाली बसू द्या, मग सुरू करा, आणि आठवड्याभराने फिल्टरच्या वाटीत एकदा डोकावून बघा.